पान कशावर उभं आहे?

पायातल्या चपला पाळीवर काढून ठेवा आणि पाण्यात उतरा.

आश्विन महिना आहे. सूर्य नुकताच वर आलाय. गोंदिया शहर मागे टाकून, फुलचूर नाका ओलांडून तुम्ही इथवर आलात. दुकानं संपली, वस्ती विरळ झाली आणि धानाच्या बांध्या सुरू झाल्या. हलका धान पिवळा पडू लागलाय, भारी धान अजून हिरवागार आहे. बांध्यांच्या वरच्या अंगाला मातीची बुटकी पाळ आहे आणि पाळीच्या आड बोडी. पावसाचं पाणी अडवण्यासाठी खणलेलं हे छोटंसं तळं. पाणी फारसं दिसतच नाही, दिसतात ती कमळाची पानं.

पहिल्याच पावलाला गाळ घोट्याच्या वर येतो. दुसऱ्या पावलाला पोटरी बुडते. बोटांच्या फटींतून थंड, मऊ चिखल वर सरकतो आणि त्याचा कुजका वास नाकात भरतो. किळस वाटली तरी पाय मागे घेऊ नका. पुढचा सगळा प्रवास या चिखलातूनच व्हायचा आहे.

पलीकडे रबरी ट्यूबवर बसून एक ढिवर, म्हणजे इथला मासेमार, फुलं काढतोय. तुम्ही आधारासाठी हात पुढे करता, तेवढ्यात तो हटकतो, "भाऊ, देठाले तसा हात नका लावू, काटे असतेत." खरंच आहे. चित्रांतून गुळगुळीत दिसणारा हा देठ बारीक काट्यांनी खरखरीत असतो. लक्ष्मीच्या हातातलं फूल तोडणाऱ्याचे हात आधी ओरबाडून घेतं.

आता वाकून नीट पाहा. कमळाचं पान गोल, अखंड असतं आणि पाण्याच्या वर हातभर उंच उभं राहतं. कुमुदाचं पान पाण्यावर लोळतं आणि त्याला एका बाजूने खाच असते. रात्री उमलणारं पांढरं कुमुद या वेळी मिटायला लागलंय आणि कमळ उघडतंय. कवींनी कमळ सूर्याला दिलं आणि कुमुद चंद्राला, त्यामागे कुणीतरी रोज पहाटे तळ्याच्या काठी उभं राहून केलेलं हे पाहणं आहे.

पानावर ओंजळभर पाणी टाका. ते पसरत नाही. त्याचे गोल मणी होतात, पानावरून घरंगळतात आणि जाताना धूळ घेऊन जातात. पानाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचा थर. थेंब त्या उंचवट्यांच्या टोकांवर तरंगतो, पानाला पुरता टेकतच नाही. जर्मनीतल्या बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून 1997 मध्ये सविस्तर मांडलं. गीतेच्या पाचव्या अध्यायात, कर्म करूनही पापाने न लिंपणाऱ्या माणसाला ज्या पानाची उपमा दिलीय, ते हेच पान.

पण आज एवढ्यावर थांबू नका. अलिप्तपणाची ही उपमा आपण इतक्या वेळा ऐकलीय की तिच्या खाली काय आहे ते पाहायचं राहूनच गेलं. ढिवराने तोडलेला एक देठ मागून घ्या आणि सावकाश मोडा. दोन तुकडे वेगळे झाले तरी त्यांच्यामध्ये रेशमासारखे तंतू ताणले जातात. कुंडलिनी किती सूक्ष्म, हे सांगताना शाक्त ग्रंथकारांना कमळाच्या देठातला हाच तंतू आठवला. आणि मोडलेल्या टोकाकडे पाहा, आत गोल पोकळ नळ्या आहेत. उन्हाने तापलेलं पान हवा आत ओढतं, ती या नळ्यांतून खाली ढकलतं आणि गाळात गाडलेल्या कंदापर्यंत पोचवतं. त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. वरचं पान पाण्याचा थेंब अंगाला लागू देत नाही आणि तेच पान खाली चिखलातल्या कंदासाठी श्वास घेतं.

ही गोष्ट मनात पक्की धरा. तळाशी जाताना ती लागेल.

प्रवासाला वाहन हवं. पाकळ्या गळून गेलेल्या एका बोंडातून काळं, कडक बी काढा. हा कमळगट्टा. लक्ष्मीच्या जपासाठी याचीच 108 मण्यांची माळ करतात. याचं कवच इतकं चिवट असतं की बी गाळात शतकानुशतकं झोपून राहू शकतं. चीनच्या लियाओनिंग प्रांतात एका आटलेल्या सरोवराच्या तळाशी सापडलेलं सुमारे 1300 वर्षांपूर्वीचं बी जेन शेन-मिलर यांच्या प्रयोगशाळेत अंकुरलं होतं. त्या बीने जेवढा काळ पार केला, त्याच्या दुपटीहून जास्त आपल्याला मागे जायचंय. बी मुठीत आवळा आणि पाय गाळात आणखी खोल जाऊ द्या.

वेदीच्या तळाशी

तुम्ही डोळे उघडता तेव्हा पायाखाली कोरडी, नांगरलेली जमीन आहे. हा इथून दूर उत्तरेचा कुरु-पांचालांचा प्रदेश. सुमारे तीन हजार वर्षं मागे आलात. पुढे अग्निचयन चाललंय. एक भलीमोठी वेदी रचायची आहे, विटांचे पाच थर आणि आकार पंख पसरलेल्या पक्ष्याचा. शतपथ ब्राह्मणाच्या हिशेबाने 10,800 विटा. पण वीट अजून एकही लागलेली नाही.

आधी घोड्याला त्या जागेवर पाय टेकवायला लावतात. खुराच्या ठशावर अध्वर्यू काहीतरी अलगद ठेवतो. तुम्ही पुढे सरकून पाहता तर ते कमळाचं पान. त्यावर सोन्याची चकती येते, तिच्यावर सोन्याची छोटी पुरुषाकृती उताणी निजवतात. मग हळूहळू विटा. शेवटी वर अग्नी पेटेल तेव्हा हे पान कुणालाही दिसणार नाही, पण सगळी वेदी त्याच्यावर उभी असेल. ब्राह्मणग्रंथ त्या पानाला पाणी म्हणतात आणि अग्नीचं जन्मस्थान म्हणतात. ऋग्वेदातही अथर्व्याने कमळातून अग्नी मंथून काढल्याचा उल्लेख आहे. आग जिच्या पोटी जन्मली ती पाण्यातली वनस्पती, म्हणून तिला सगळ्यात खाली मान.

संध्याकाळी यज्ञमंडपाबाहेर एक म्हातारा ऋत्विज गोष्ट सांगतोय, ती ऐकायला बसा. पुढे ही गोष्ट तैत्तिरीय ब्राह्मणात जाईल. सुरुवातीला सगळीकडे पाणीच पाणी होतं. प्रजापतीला त्यात एक कमळाचं पान उभं दिसलं. त्याने विचार केला, हे पान उभं आहे म्हणजे ते कशावर तरी उभं असलं पाहिजे. मग वराहाचं रूप घेऊन त्याने पानाच्या बाजूने बुडी मारली. तळाशी त्याला माती सापडली. तिच्यातला एक लचका तोडून तो वर आला आणि ती माती त्याने त्याच पानावर पसरली. तीच पृथ्वी झाली.

ही गोष्ट ऐकताना तुमच्या पोटऱ्यांवर अजून बोडीचा चिखल वाळतोय. सृष्टीच्या आरंभी प्रजापतीने पानाच्या सौंदर्याचं कौतुक केलं नाही, त्याला नमस्कारही केला नाही. त्याला प्रश्न पडला आणि तो बुडी मारून उठला तो मूठभर चिखल घेऊनच. आपल्या परंपरेत कमळाविषयी जे जे बोललं गेलं, त्याचं मूळ मला या प्रश्नात दिसतं.

काही शतकं पुढे सरका. याच परंपरेतले लोक आता वेदी बाहेर रचण्याऐवजी आत शोधताहेत. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात आचार्य शिष्यांना सांगताहेत की या देहाच्या नगरीत एक छोटं कमळाचं घर आहे, त्याच्या आत छोटंसं आकाश आहे आणि त्याच्या आत काय आहे ते शोधायचं आहे. ते आकाश बाहेरच्या आकाशाएवढंच आहे, असंही ते सांगतात. तुमचा हात नकळत छातीकडे जातो. वेदीच्या तळाला होतं ते कमळ आता तिथे आलंय. जिथे ठेवलं तिथे त्याच्या मागे तोच प्रश्न येतो की याच्या आत काय, याच्या खाली काय.

वैनगंगेच्या काठी

आता आपल्या मुलखात परत या, पण काळ जुनाच राहू द्या. इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक आहे. तुम्ही डोंग्यात बसून वैनगंगेने खाली निघालात आणि पवनीला उतरलात. आजच्या भंडारा जिल्ह्यातलं हे गाव या वेळी तटबंदीचं मोठं नगर आहे. टेकडीवर स्तूप उभा राहतोय. पुढे 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं उत्खनन होईल तेव्हा जगन्नाथ टेकडीच्या पोटातून याचेच दगड बाहेर येतील.

एक कारागीर कठड्याच्या खांबावर नाग कोरतोय. खाली ब्राह्मी अक्षरांत त्याचं नाव, मुचलिंद. ध्यानस्थ बुद्धावर पावसात फणा धरणारा हा नाग पाण्यात राहणारा. बुद्धाची आकृती मात्र या काळात कुणी कोरत नाही, त्याच्या जागी झाड, आसन किंवा पावलं कोरतात. शेजारच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत.

याच सुमाराला उत्तरेकडे भरहुतला आणि सांचीला कठड्यांवर कमळांची वर्तुळं फुलताहेत. तिथेच एक स्त्री कमळावर उभी आहे आणि दोन्ही बाजूंचे हत्ती सोंडेने तिच्यावर पाणी ओतताहेत. ऋग्वेदाच्या परिशिष्टातल्या श्रीसूक्तात जिचं वर्णन कमळात जन्मलेली, कमळाच्या रंगाची असं येतं, ती श्री. आज आपल्या देवघरातल्या चांदीच्या नाण्यावर तीच आहे. ती बौद्धांच्या स्तूपावर का, असा प्रश्न इथल्या कारागिराला पडत नाही. तळं सगळ्यांचं आहे, म्हणून त्यातलं फूलही सगळ्यांचं. आणि त्या चित्रातले हत्ती म्हणजे पावसाचे ढग, हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. पाऊस पडला, तळं भरलं, कमळ उमललं, धान पिकला, म्हणजे लक्ष्मी आली. प्रतीकाचा अर्थ पोथीआधी शिवारात तयार झाला.

रामगिरीच्या पायथ्याशी

सहा-सात शतकं उलटली. तुम्ही आता रामटेकच्या, म्हणजे जुन्या रामगिरीच्या, टेकडीवर चढताय. खाली नंदिवर्धन, वाकाटकांची राजधानी. इथे राज्यकारभार पाहते आहे प्रभावतीगुप्ता, चंद्रगुप्त दुसऱ्याची मुलगी. नवरा गेला, मुलं लहान, म्हणून राज्य तिच्या हातात आलं. ती विष्णूची भक्त आहे. तिचा एक ताम्रपट रामगिरिस्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे.

या काळात विष्णूची मूर्ती घडतेय आणि तिच्या हातांत कमळ स्थिरावतंय. शंख, चक्र, गदा आणि पद्म. पुढे मूर्तिशास्त्र असं ठरवेल की ही चार आयुधं चार हातांत ज्या क्रमाने येतील त्यावरून नाव पडेल. चार वस्तूंचे 24 क्रम होतात आणि म्हणून केशव, नारायण, माधव, गोविंद अशी 24 नावं. संध्येच्या वेळी आचमन करताना तुमच्या आजोबांनी जी नावं म्हटली, त्यातलं प्रत्येक नाव म्हणजे या चार वस्तूंचा एक वेगळा क्रम. तीन आयुधं हाक मारायला, कापायला आणि ठेचायला आहेत. चौथ्या हातातलं कमळ काहीच करत नाही, ते फक्त उमलतं. शक्तीच्या शेजारी ते असावं लागतं, एवढी गोष्ट हात मोजणाऱ्या मूर्तिकाराला कळली होती.

टेकडीवरच्या मंडपात कथा चाललीय. शेषावर निजलेल्या विष्णूच्या नाभीतून कमळ वर आलं आणि त्यात ब्रह्मदेव जन्मला. त्याने चारी दिशांना पाहिलं, म्हणून त्याला चार तोंडं झाली. कुणीच दिसेना. मग त्याला प्रश्न पडला, मी ज्याच्यावर बसलोय ते कशावर उभं आहे? तो देठाच्या पोकळीत शिरला आणि खाली खाली जात राहिला, पण तळ लागेना. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात ही हकीकत आहे. शेवटी तो परत येऊन ध्यानाला बसला, तेव्हा त्याला मूळ आतच दिसलं.

तुम्ही आज सकाळीच मोडलेल्या देठात त्या पोकळ नळ्या पाहिल्यात. ही कथा रचणाऱ्यानेही पाहिल्या होत्या. प्रजापती पानाच्या बाजूने बुडाला, ब्रह्मदेव देठाच्या आतून उतरला. दोघांनीही आधी खाली जाऊन पाहिलं.

नेवाशाच्या खांबाजवळ

शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. प्रवरेच्या काठी नेवाशाला या. एका खांबाला टेकून विशीही न गाठलेला एक मुलगा गीता सांगतोय आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेताहेत. संस्कृतातलं कमळ इथे पहिल्यांदाच इतक्या विपुलतेने मराठीत उमलतंय.

ज्ञानेश्वर अर्जुनाच्या मोहाबद्दल बोलताना भुंग्याची उपमा देतात. कोरडं लाकूड सहज पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकतो, जीव देतो पण पाकळी चिरत नाही. स्नेहाचं बळ किती, ते सांगायला त्यांना कमळ लागतं. नवव्या अध्यायात ते एका तळ्यात तीन जीव दाखवतात. कमळाचा कंद आणि बेडूक एकाच घरात राहतात. भुंगा लांबून येऊन पराग घेऊन जातो आणि बेडकाच्या वाट्याला चिखल राहतो. देव आपल्या अगदी जवळ असून आपल्याला कळत नाही, हे सांगण्यासाठी दिलेला तो दाखला.

इथे क्षणभर थांबा. बेडकाला चिखल मिळाला म्हणून तो हरला, असं आपण पटकन म्हणतो. पण कंदही त्याच चिखलात आहे. दोघांची जागा एक, सोबत एक. बेडूक चिखलात राहतो, कंद चिखलातून वर काहीतरी पाठवतो. फरक चिखलात नसून चिखलाचं काय केलं यात आहे.

सहाव्या अध्यायात ज्ञानेश्वर कुंडलिनीचं वर्णन करतात. नाथपंथातून आलेल्या या योगमार्गात शरीरातली चक्रं म्हणजे कमळं आहेत. खालून मोजा. मूलाधाराच्या पाकळ्या 4, स्वाधिष्ठानाच्या 6, मणिपूरच्या 10, अनाहताच्या 12, विशुद्धाच्या 16 आणि आज्ञाचक्राच्या 2. एकूण 50, म्हणजे वर्णमालेची सगळी अक्षरं, एकेका पाकळीवर एकेक. सगळ्यात वर सहस्रार, हजार पाकळ्यांचं. या क्रमात सगळ्यात खालचं कमळ पृथ्वीतत्त्वाचं आहे. साधना तिथून सुरू होते. मातीला वगळून वरच्या हजार पाकळ्यांकडे जायची आडवाट कुठल्याच गुरूने सांगितलेली नाही.

नेवाशाहून पुन्हा पूर्वेकडे, आपल्या दिशेने चला. कार्तिकात वैकुंठ चतुर्दशी येते. गोंदियाजवळच्या नागऱ्याला जुनं शिवमंदिर आहे. कुठल्याही शिवमंदिरात या रात्री सांगितली जाणारी कथा इथे ऐका. विष्णू हजार कमळांनी शिवाची पूजा करत होता. शेवटचं एक कमळ कमी पडलं. तो उठून शोधायला गेला नाही, आपला डोळाच काढून वाहू लागला. शिव प्रसन्न झाला आणि त्याने सुदर्शन चक्र दिलं. पुष्पदंताच्या महिम्न स्तोत्रातही हा प्रसंग आहे. कमळाच्या जागी डोळा चालतो, कारण दोघांचं काम एकच, उजेड आला की उघडणं.

नवेगावच्या पाळीवर

आता अठराव्या शतकात, आजच्या गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. गोंड राजांचा मुलूख आहे, चारी बाजूंनी जंगल. दोन टेकड्यांमधल्या खिंडीत शेकडो माणसं मातीच्या पाट्या वाहताहेत. कोहळी समाजातला कोलू पाटील तलाव बांधतोय. पाण्याचा उतार डोळ्यांनी ओळखणारी ही माणसं. पाळ कुठे घालायची, सांडवा कुठे काढायचा, मोरी किती खाली ठेवायची, हे त्यांना माती हातात घेऊन कळतं.

तुम्हीही एक पाटी डोक्यावर घ्या. ओली माती मानेवरून गळत छातीवर उतरते. पाळीवर ती ओतायची आणि पायांनी तुडवायची, पुन्हा फिरून यायचं. इथे यज्ञ नाही, कथा नाही, खांबाला टेकलेला कवी नाही. पण प्रजापतीने जे केलं तेच चाललंय. पाण्यातून माती उचलून वर ठेवायची आणि त्यावर जग उभं करायचं.

या तलावाचं नाव नवेगाव बांध. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 मध्ये छापलेल्या ग्रंथात नोंदवलंय की कोलू पाटलाला लोकांनी कोलासूर देव मानलं. तलावाच्या कडेच्या एका शिखरावर त्याचं ठाणं आहे आणि बाकीची सात शिखरं म्हणजे सात बहिणी. पाळ बांधताना त्या देवतांनी मदत केली असं मानतात. लोकांनी इथे देवपण दिलं ते माती वाहणाऱ्याला.

असे तलाव पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक आहेत. गाव तिथे तलाव आणि तलावाला लागून बोड्या. तलावांत पाणी ठरलं की मासे येतात, पाखरं येतात, कमळ येतं. ढिवर मासे धरतात, कंद काढतात, फुलं काढतात. छत्तीसगढकडे जिला ढेंस म्हणतात ती देठ-कंदाची भाजी इकडच्या चुलीवरही शिजते. लक्ष्मीचं आसन आणि गरिबाचं कालवण, दोन्ही एकाच गाळातून निघतं.

लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर

मुठीतलं बी सैल सोडा. वर या.

1950 च्या कायद्याने तलावांच्या मालकांची, म्हणजे मालगुजारांची, मालगुजारी संपली आणि पुढे हे तलाव सरकारच्या ताब्यात गेले. लोक त्यांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव म्हणतात. ताबा बदलला तशी सवयही बदलली. दरवर्षी गावाने मिळून पाळ दुरुस्त करायची, गाळ उपसून बांधीत टाकायचा, हे थांबत गेलं. तलाव उथळ झाले. काठाकाठाने बेशरम नावाची वनस्पती माजली. शहराजवळच्या तळ्यांत भर पडली, सांडपाणी आलं. गोंदिया वाढतंय, फुलचूर आता शहराला लागलंय, आणि जिथे घरं येतात तिथे पहिला घाव बहुधा बोडीवर पडतो, कारण ती रिकामी जागा वाटते.

चिखलाचेही प्रकार असतात, हे इथे समजून घ्यायला हवं. पाना-पाचोळ्याचा, शेणामातीचा गाळ कंदाला पोसतो. गटाराचं आणि प्लास्टिकचं पाणी पोसत नाही. "कमळ चिखलातच उगवतं" हे वाक्य घाणीचं समर्थन म्हणून वापरणाऱ्याने एकदा मेलेल्या तळ्याच्या काठी उभं राहून पाहावं.

याच जिल्ह्यात याच्या उलट घडलेलंही आहे. अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर समाजाबरोबर मामा तलावांवर वर्षानुवर्षं काम केलं. ढिवरांना तळ्यातल्या एकेका वनस्पतीचं नाव आणि उपयोग माहीत होता, ते ज्ञान नोंदवलं गेलं. बायका तलावात उतरल्या, त्यांनी बेशरम मुळासकट उपटली, तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मासे परतले, पाखरं परतली. महाराष्ट्रात सारस पक्षी मुख्यत्वे याच जिल्ह्याच्या आसऱ्याला उरलाय, त्याचंही घर हेच धानशेत आणि हेच तलाव.

मला विचाराल तर कमळाची पूजा त्या बायकांनी केली. वेदीच्या तळाशी पान ठेवणाऱ्या अध्वर्यूपासून पाटी वाहणाऱ्या कोहळ्यापर्यंत तुम्ही आज जे पाहिलंत, त्याचा सरळ वारसा त्यांच्या हातात आहे. अलिप्तता म्हणजे चिखलाकडे पाठ फिरवणं, असा अर्थ आपल्या परंपरेने कमळाला कधी दिला नव्हता. तो आपण सोयीने लावला. पानाला पाणी चिकटत नाही हे खरं, पण ते पान रात्रंदिवस चिखलाशी बांधलेलं असतं आणि चिखलातल्या कंदासाठी श्वास घेत असतं. संसारात राहून न लिंपणं याचा अर्थ मी तरी असाच लावतो, की जिथून वर आलो तिथे काहीतरी परत पोचवत राहायचं.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आहे. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी बाजारात टोपल्या लागतील, ओल्या फडक्याखाली कमळाच्या कळ्या असतील आणि तुम्ही दोन-चार घ्याल. घेताना विकणाऱ्या बाईला एवढंच विचारा, "मावशी, कुठल्या तळ्यातली फुलं?" ती गावाचं नाव सांगेल. ते लक्षात ठेवा. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, निमित्ताने त्या बाजूला जाणं होईलच, तेव्हा वाट वाकडी करून ते तळं पाहून या. पाळ फुटलीय का, गाळ किती साचलाय, बेशरम किती माजलीय, फुलं काढणाऱ्या ढिवरांच्या हातात काय उरतं, हे बघा. तुमच्या स्वतःच्या गावात बोडी असेल तर तिची नोंद सातबाऱ्यावर कशी आहे ते तपासा आणि पुढच्या ग्रामसभेत तिचा विषय मांडा. गाळ काढायची वेळ उन्हाळा, पण ठराव आत्ताच व्हायला हवा.